फुटके तावदान

खिडकीला आपल्या भाषेत नावे किती आहेत, हे मी वर्गात मुलांना दर वर्षी सांगतो आणि मुले ते दर वर्षी विसरतात. गवाक्ष म्हणजे गाईचा डोळा. वातायन म्हणजे वाऱ्याची वाट. गोव्याकडे पोर्तुगीजांनी ठेवलेले जनेल आहेच. इंग्रजांचा ‘विंडो’ हा मूळचा उत्तरेकडच्या दर्यावर्द्यांचा शब्द, आणि त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. आपल्या पूर्वजांना भिंतीतल्या भोकात गाईचा डोळा दिसला, त्यांच्या पूर्वजांना वाऱ्याचा. पण डोळा मात्र दोघांनाही दिसला, याची मला नेहमी गंमत वाटते. या डोळ्यावर जी काच बसते तिला आपण तावदान म्हणतो. ते फुटले म्हणजे काय काय करावे लागते, हे मात्र वयाची पंचेचाळिशी गाठेपर्यंत मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे काच फुटली की कोपऱ्यावरच्या काचवाल्याला निरोप जातो. तो येतो, माप घेतो, लांबी भरतो आणि जातो. आपण चहा द्यायचा, एवढेच काय ते आपले कर्तृत्व!

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माझ्या थोरल्या बहिणीकडे अमेरिकेत गेलो होतो. ओहायओ राज्यात डेटन शहराच्या उत्तरेला ती गेली तीस वर्षे राहते. भाऊजींना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. घराच्या मागच्या अंगणात, मेपलच्या झाडाखाली, त्यांचा ट्रेलर उभा होता. ट्रेलर म्हणजे मालाचा नव्हे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे, दोन चाकांवरचे घर. आत दोन बाकांची झोपायची जागा, घडीचे टेबल, इवलीशी शेगडी, त्याहून इवलेसे मोरीचे भांडे आणि चारी बाजूंना खिडक्या. १९६२ सालची बांधणी. बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवुड आणि दोहोंच्या मधे पाइनच्या पट्ट्यांचा सांगाडा. बाजूने पाहिले तर तो उभट, गोलसर डब्यासारखा दिसतो. असल्या ट्रेलरना तिकडचे शौकीन मांसाच्या डब्याचेच नाव देतात. आमच्या ताईने तिच्या शाकाहारी घराण्याला शोभेल असा बदल करून त्याला ‘पेढ्यांचा डबा’ म्हणायला सुरुवात केली होती.

या फिरत्या घरांचे वेड तिकडे जुने आहे. मोटार सामान्य माणसाच्या हाती आल्यावर लगेच ते सुरू झाले. १९१९ साली फ्लॉरिडातल्या टँपा गावी अशा प्रवाशांनी आपला संघसुद्धा काढला आणि त्याला ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ असे नाव दिले. पुढे वॉली बायम नावाच्या एका खटपट्या माणसाने १९३१ साली एअरस्ट्रीम कंपनी काढली आणि विमानासारखे चकचकीत, रिव्हेट मारलेले ट्रेलर बनवले. त्या कंपनीचा कारखाना १९५२ पासून ताईच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर, जॅक्सन सेंटर या लहानशा गावात आहे. बायमसाहेब स्वतः ट्रेलरांचे तांडे घेऊन देशोदेशी हिंडत. ते १९६२ साली वारले, पण त्यांच्या मागे १९६३-६४ मध्ये असाच एक तांडा सिंगापूरहून निघून आपल्या हिंदुस्थानातून पुढे थेट पोर्तुगालपर्यंत गेला. आपल्या रस्त्यांवरच्या बैलगाड्यांनी त्या चांदीच्या सुरवंटांकडे कसे पाहिले असेल, कोण जाणे.

खरे सांगायचे तर या हौसेबद्दल माझे मत फारसे बरे नव्हते. आमच्याकडेही घरे चाकांवर फिरतात. दिवाळी झाली की बीड-नगरकडून ऊसतोडीला निघालेल्या गाड्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गाडीत चूल, भांडी, गोधड्या आणि त्यांच्यावर बसलेले पोर. त्या घराला ना काच, ना खिडकी, आणि ते कोणी हौसेने फिरवत नाही. ज्यांच्या अंगणात मजबूत घर उभे आहे त्यांनी आणखी एक डबा मागे बांधून रानात झोपायला जावे, हे भरल्या पोटाचे कौतुक आहे, असे मी भाऊजींना एकदा तोंडावर म्हणालोही होतो. ते नुसते हसले आणि म्हणाले, “तू एकदा येऊन झोप, मग बोल.” तो योग काही आला नाही.

मार्चमधल्या एका वादळात मेपलची फांदी पडून या ट्रेलरची डाव्या बाजूची मोठी खिडकी फुटली होती. ताईने तिच्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवला होता. मी गेलो त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक ट्रेलर पाहायला आले. माणूस सभ्य होता. त्याने आत-बाहेर पाहिले, खिडकीखालच्या प्लायवुडवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. मग शांतपणे म्हणाला, “बाई, याच्या भिंतीत पाणी मुरलंय. मी चाकं, आस आणि पत्रा एवढ्यासाठी घेईन. बाकीचं मोडावं लागेल.” त्याने किंमतही सांगितली. कॅलिफोर्नियातून भाच्याने फोनवर सांगितले, “आई, देऊन टाक.” मलाही तेच बरे वाटत होते. ताई म्हणाली, “देऊ. पण फुटकी काच दारात ठेवून मी काही घराबाहेर काढायची नाही. आधी खिडकी नीट करू, मग नेऊ दे त्यांना.” ज्याचा डबाच मोडायचा त्याची खिडकी कशाला दुरुस्त करायची, हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. ताईच्या चेहऱ्याकडे पाहून तो मी गिळला.

शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ राहतात. आयुष्यभर त्यांनी यंत्रांच्या कारखान्यात काम केले. आम्ही आपापसात त्यांना आजोबाच म्हणत असू. ते हत्यारांची पेटी घेऊन आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला ठणकावले की, काच ही या खिडकीची सर्वांत सोपी बाजू आहे. काच फुटलेली दिसते म्हणून लोक काच बदलतात. पण पाणी काचेतून येत नाही, ते चौकटीच्या कडेने येते. चौकट पत्र्यावर स्क्रूने बसवलेली असते आणि दोहोंच्या मधे लांबीसारखा चिकट मसाला असतो. साठ वर्षांत तो वाळून खडू होतो. मग पावसाचा थेंब स्क्रूच्या भोकातून आत शिरतो, पाइनची पट्टी पितो आणि बाहेरून काहीही न दिसता भिंत आतून कुजत जाते.

फुटक्या काचेवर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावून, जाड हातमोजे घालून, आम्ही तुकडे एकेक करून काढले. काच साधी होती, जुन्या काळची. फुटताना सुरीसारखी धार निघणारी. झडपेचे कोपरे उकलून उरलेली काच सोडवली. मग चौकटीकडे वळलो, आणि तिथे काम थांबले.

चौकटीच्या चारी बाजूंनी, पत्र्यावर अंगठ्याएवढा जाड, पारदर्शक पण आता पिवळट पडलेला लेप होता. सिलिकोनचा. आजोबांनी तो पाहिला आणि कपाळावर हात मारला. “हे ज्यानं लावलं त्यानं या भिंतीचा जीव घेतला,” असे काहीसे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे बिनतोड होते. चौकटीच्या खालच्या काठाला दोन बारीक फटी ठेवलेल्या असतात. वरून चुकून आत आलेले पाणी त्यांतून बाहेर पडते. या लेपाने त्या फटी बुजल्या. वरची बाजू कालांतराने सुटली, खालची घट्ट राहिली. म्हणजे पाण्याला आत यायला दार आणि बाहेर जायला भिंत! शिवाय सिलिकोन एकदा लागले की त्याच्या अंशावर दुसरा कोणताही मसाला नीट धरत नाही, म्हणून तो कणाकणाने खरवडून काढावा लागतो.

ताई तिथेच उभी होती. ती मराठीत मला म्हणाली, “ह्यांनीच लावलंय ते. यलोस्टोनला निघायच्या आदल्या रात्री. बॅटरी मी धरली होती.”

आजोबांना मराठी कळत नाही, पण त्यांना समजायचे ते समजले. त्यांनी पट्टी खाली ठेवली, हात पुसले आणि “आज ऊन फार आहे” असे म्हणून ते घरी गेले. ऊन मुळीच फार नव्हते.

त्या रात्री जेवताना ताई फारशी बोलली नाही. भाऊजींनी हाताने केलेल्या वस्तू त्या घरात फारशा नव्हत्या. ते हिशेबनीस होते. खिळा ठोकायलाही ते मुलाला बोलावत. हा एक लेप त्यांनी स्वतः, बोटाने, मोठ्या अभिमानाने फिरवला होता; त्यात त्यांच्या बोटाचे वळण अजून दिसत होते. मी तिला म्हटले, “ताई, राहू दे तसंच. नुसती काच बसवू. तो मोडणारच आहे ना ट्रेलर?” ती म्हणाली, “आणि पाणी?” मी म्हटले, “दोन महिन्यांत काय व्हायचंय?” ती काही बोलली नाही.

सकाळी सहाला मला खरवडण्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिले तर ताई स्टुलावर उभी राहून, आजोबांची प्लास्टिकची पट्टी घेऊन, लेप काढत होती. मी खाली गेलो. तिने मला दुसरी पट्टी दिली, पण खालची बाजू मात्र करू दिली नाही. “ती मी करते,” म्हणाली. सकाळचे अकरा वाजेपर्यंत आम्ही दोघे खरवडत होतो. सिलिकोन रबरासारखे लांब धाग्यांनी निघते आणि मधेच तुटते. मग उरलेला पातळ थर नखाने शोधावा लागतो. त्या पाच तासांत आम्ही दोघे लहानपणीच्या वाड्याबद्दल, आईच्या लोणच्याबद्दल, वर्गातल्या मुलांबद्दल बोललो. भाऊजींबद्दल एक अक्षर नाही. खालच्या काठाच्या फटी मोकळ्या झाल्या तेव्हा आतून चमचाभर तपकिरी पाणी ओघळले. ताईने ते फडक्याने टिपले आणि फडके धुवून वाळत घातले.

चौकट उतरवल्यावर खालची आडवी पट्टी नुसती दिसायलाच पट्टी होती. बोट लावताच ती तपकिरीसारखी भुगा होऊन पडली. बाजूच्या उभ्या पट्टीवर मात्र पेन्सिलीने लिहिलेले आकडे होते: साठ वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कोणा सुताराने घेतलेले माप. अक्षर तिरके, घाईतले. मला ते फार आवडले. ग्रंथाच्या समासात जुन्या वाचकाची खूण सापडावी तसे वाटले. आजोबांनी कुजलेला भाग पटाशीने साफ केला, पंखा लावून भिंत दोन दिवस वाळवली आणि पाइनची नवी पट्टी सरस-स्क्रूने बसवली. माप घेताना त्यांनी मला सांगितले, काच चौकटीच्या मापाहून दोन्हीकडे इंचाचा सोळावा भाग कमी हवी. मी मनात म्हटले, म्हणजे एकूण एक सूत. आमच्याकडचा सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतो. सेंटिमीटर शिकूनही त्याच्या तोंडचे सूत काही गेले नाही, आणि अमेरिकेने तर इंच सोडलेच नाहीत. ओहायओच्या अंगणात मला ते सूत भेटले तेव्हा गाववाला भेटल्यासारखे झाले.

काच आणायला आम्ही गावातल्या दुकानात गेलो. आजोबांची आज्ञा होती की, धावत्या घराला साधी काच बसवायची नाही, दुपदरी आणायची. दोन काचांच्या मधे पारदर्शक पापुद्रा असलेली ही काच फुटली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. तिचा शोध म्हणे एका पडलेल्या बाटलीने लागला. १९०३ साली एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू खाली पडला; तो तडकला, पण विखुरला नाही, कारण आत वाळलेल्या द्रवाचा पापुद्रा होता. दुसरी एक मजबूत काच असते, भट्टीत तापवून थंड हवेच्या झोताने एकदम गार केलेली. पण ती आधी कापून मग तापवावी लागते. तापवल्यावर कापायला गेलात तर सगळीचा चुरा. तिच्यासाठी आठवडाभर थांबावे लागले असते. दुपदरी काच दुकानदाराने आमच्यासमोर कापली. एका बाजूने रेघ, दुसऱ्या बाजूने रेघ, हलकेच दाब, कट्ट असा आवाज. मग मधला पापुद्रा पातळ पात्याने चिरला. त्याच्या हातातल्या हत्याराला पोलादाचे चिमुकले चाक होते. आमच्या काचवाल्याकडे याच कामाला हिऱ्याचा कण बसवलेली हिरकणी असते. हिरकणी म्हटले की आम्हा मराठी माणसांना रायगडचा कडा आणि पोरासाठी रात्री तो उतरून गेलेली गवळण आठवते. ताईला विचारले तर तिलाही तेच आठवले होते. दुकानदाराला हे इंग्रजीत समजावून सांगण्याचा मोह मी आवरला.

बाकीचे काम हाताला गोड वाटणारे होते. काचेच्या कडेला रबराची नवी पन्हळ चढवली, साबणाच्या पाण्याने ती निसरडी केली, झडपेचे कोपरे पुन्हा जुळवले. चौकटीच्या मागे ब्यूटिलची करडी, चिकणमातीसारखी पट्टी लावली आणि चौकट पत्र्यावर दाबून स्क्रू पिळले. सगळे एकदम नव्हे, एक इकडचा, एक समोरचा. ते पूर्ण आवळायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी ऊन लागून पट्टी मऊ झाली की पुन्हा एकेक आटा द्यायचा, मग कडेने बाहेर आलेला मसाला कापून टाकायचा.

शेवटी पाण्याची परीक्षा. आजोबांनी रबरी नळी हातात घेतली आणि खालून सुरुवात केली. आधी खालचा काठ, मग बाजू, सर्वांत शेवटी वर. वरूनच पाणी सोडले तर गळती कुठे आहे हे कळत नाही. खालून चढत गेले की ज्या उंचीला आत थेंब दिसेल तिथे दोष. ताई आत बसली, हातात कोरडे फडके घेऊन. काचेवरून पाणी ओघळत होते आणि पलीकडे तिचा चेहरा हलत होता. त्या भागात नील आर्मस्ट्राँगचे वापाकोनेटा हे गाव आहे. १९६९ च्या जुलैत चंद्रावरून परत आल्यावर त्याला आणि त्याच्या दोन सोबत्यांना अशाच एका ट्रेलरमध्ये, एअरस्ट्रीमवरून बनवलेल्या, कोंडून ठेवले होते. अध्यक्ष निक्सन त्यांच्याशी काचेच्या खिडकीतून बोलले. ते छायाचित्र मी शाळेच्या पुस्तकात पाहिले होते. चंद्रावरून आलेली माणसे घरी येऊनही काचेपलीकडेच. ताई किती दिवस तशी बसली होती, हे मला तेव्हा जाणवले.

अर्ध्या तासाने तिने आतली दांडी फिरवली. खिडकीची खालची बाजू पुढे आली आणि पाण्याच्या शिंतोड्यांसकट तिचा हात बाहेर आला. हातात फडके. कोरडे.

गिऱ्हाईक रविवारी येणार होते. शनिवारी सकाळी ताईने भाऊजींच्या पिकअपची किल्ली शोधली आणि आजोबांना विचारले, ट्रेलर जोडून गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवाल का? इतकी वर्षे ती शेजारी बसून नकाशा वाचत आली होती. मागे घेण्याचे शास्त्र उलटे असते. चाक उजवीकडे वळवले की ट्रेलर डावीकडे जातो. त्यावर आजोबांचा उपाय असा की, हात चाकाच्या वरच्या बाजूला धरायचाच नाही, तळाशी धरायचा. मग ज्या बाजूला हात, त्या बाजूला ट्रेलर. शाळेला सुट्टी होती. तिच्या रिकाम्या आवारात दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे पेढ्यांचा डबा नेऊन उभा करायचा होता. पहिल्या खेपेला तो आडवा गेला, दुसऱ्या खेपेला गवतात. आजोबा मागे हात उंच करून उभे होते, मी बाजूला ताईचा फोन धरून.

तेवढ्यात फोन वाजला. तेच गिऱ्हाईक, उद्या किती वाजता येऊ, असे विचारत होते. मी ओरडून ताईला सांगितले.

तिने काचेबाहेर मान काढली. “त्यांना म्हणावं, मागाहून करा फोन. आत्ता मी रिव्हर्स घेतेय. आणि तू आधी बाजूला हो!”